भागीरथा आणि मावळतीचं दार

मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या चार शाळा फिरलो आणि चारही ठिकाणी ‘पंजाबराव सर म्हणजे नाकावर राग’ हीच ख्याती माझ्या आधी पोचलेली असायची. राग कशाचा, हे मात्र कोणी सांगत नाही. नकाशा चुकीचा दिसला की माझं डोकं फिरतं, एवढंच. लग्नपत्रिकेच्या मागं मंगल कार्यालयाचा नकाशा छापतात ना, तो चुकलेला असेल तर मी अजूनही यजमानाला फोन करतो. बायको म्हणते, अक्षता टाका आणि जेवून या, कशाला पाहिजे उठाठेव. पण जित्याची खोड.

अशा माणसाला नागपूरच्या मेट्रोत फरशी पुसणाऱ्या एका बाईनं नकाशाचा धडा दिला. हे मी स्वतःहून लिहितो आहे, कोणी पकडून लिहायला लावलेलं नाही. लाज वाटते का? थोडी वाटते. पण अभिमान एवढा मोठा आहे की लाजेला कोपऱ्यातसुद्धा जागा मिळत नाही.

बाईचं नाव भागीरथा नत्थुजी गावंडे. नांदगावपासून दोन कोसांवरच्या खेड्यातली. माझ्याकडे सातवीपर्यंत शिकली, मग लग्न झालं आणि त्याच पंचक्रोशीत नांदायला गेली. अंगानं काटक, जिभेनं सरळ. पुण्याच्या माणसाला वाटावं ही भांडून राहिली, आणि ती नुसतं पाणी हवं का विचारत असायची.

पुढची गोष्ट कळायला आमच्याकडची एक सवय आधी सांगायला हवी. आमच्याकडचा शेतकरी माणूस डावं-उजवं म्हणत नाही. शेताचे धुरे, म्हणजे बांध, चार, एक उगवतीचा, एक मावळतीचा, उरलेले दोन त्यांच्या आधारानं. कपाशी वेचायला कुठून लागायचं, बैल कुठं बांधायचे, सगळं त्या हिशेबानं. मग तीच भाषा घरात येते. खाटेवर दोन माणसं बसली असतील आणि तिसरा आला तर म्हणतात, ‘जरा उगवतीले सरक.’ मिठाची बरणी मावळतीच्या फडताळात असते. माणूस फिरला की त्याचं डावं-उजवं फिरतं, सूर्य काही कोणासाठी जागा बदलत नाही. भागीरथा तर यात पक्की होती. काळोख्या कोठीत तिला तीनदा गरगर फिरवलं असतं तरी तिनं उगवतीकडे बोट केलं असतं.

बोंडअळीचं साल आलं. दोन हजार सतरा. कपाशीची हिरवीगार पऱ्हाटी उभी आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. त्याआधीची वर्षंही काही सुखाची नव्हती, पण त्या साली आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी कुलपं आणली. नत्थुजी आणि भागीरथानं तीन एकर भावाला वाहायला दिलं आणि नागपूर गाठलं. नत्थुजीला एका गोदामावर राखणदारी मिळाली. पोरगी दामिनी तिथल्या शाळेत गेली. तिच्या दाखल्यासाठी भागीरथानं मला फोन केला होता, तेव्हापासून माझा नंबर तिच्याकडे होता.

मेट्रोची दुसरी मार्गिका सुरू झाली त्या थंडीत भागीरथाला एका कंत्राटदाराकडून सफाईचं काम लागलं. स्टेशनचं नाव लिहीत नाही. कंत्राटदार बदललेला नाही आणि भागीरथाही अजून तिथंच आहे. उद्घाटनाच्या दिवशी झेंडूची तोरणं तिनंच बांधली आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्याही तिनंच झाडल्या. पण खूश होती. फोनवर मला म्हणाली, “सर, आमच्या टेशनातली फरशी अशी हाय का भाकर थापून घ्या.”

स्टेशन रस्त्याच्या डोक्यावर. रस्ता दक्षिणोत्तर. वरून उतरलं की मधे मोठं दालन, आणि दालनाला दोन दारं. एका दाराचा जिना रस्त्याच्या उगवतीला उतरतो, दुसऱ्याचा मावळतीला. मावळतीच्या बाजूला मोठं सरकारी हॉस्पिटल. त्यामुळे अमरावती, अकोला, वाशीम, सगळीकडचे पेशंट एसटीनं नाहीतर रेल्वेनं नागपूरला येतात आणि मेट्रो धरून त्या स्टेशनावर उतरतात. हातात पिशवी, पिशवीत एक्स-रे, चेहऱ्यावर काळजी.

दालनाच्या दोन भिंतींवर, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, दारांएवढे दोन डिजिटल नकाशे बसवलेले होते. काचेवर बोट लावलं की उजळायचे. गाडी किती वाजता, पुढचं स्टेशन कोणतं, बाहेर कुठं काय आहे, सगळं दिसायचं. मधोमध लाल ठिपका आणि त्यावर लिहिलेलं, ‘तुम्ही इथे आहात’. पोरंसोरं फोटो काढायची. मीही वर्तमानपत्रात तो फोटो पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, शेवटी देशाला नकाशाची किंमत कळली.

आता खेड्यातला माणूस काचेला कशाला विचारेल? समोर लुगडं दिसलं, कपाळावर ठसठशीत कुंकू दिसलं, की तो सरळ भागीरथाला विचारायचा, “माय, दवाखाना कुठीसा?” आणि भागीरथा फडक्याचा दांडा उचलून सांगायची, “मावळतीच्या दारानं उतरा. उतरले का समोरच.” विचारणारा मान हलवून बरोबर जायचा.

शहरातल्या माणसांना हे पटलं नाही. एका टायवाल्या गृहस्थानं तक्रारवहीत लिहिलं की सफाई कामगार बाई नकाशाच्या उलट दिशा सांगते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भिंतीवरच्या नकाशात हॉस्पिटल डाव्या हाताला दिसत होतं आणि ही बाई त्याच्या उजव्या हाताच्या दाराकडे बोट दाखवत होती. आठ दिवसांनी कॉलेजच्या एका पोरीनं तशीच दुसरी तक्रार लिहिली. तेव्हा कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं भागीरथाला बोलावून सांगितलं, “तुझं काम पुसायचं. वाट सांगायला नकाशा आहे. तिसरी तक्रार आली की पहिल्या तारखेपासून येऊ नकोस.”

त्या दिवशी तिचा मला फोन आला.

“सर, एक इचारू का? रागावनार नाही ना?”

“विचार.”

“नकाशा चुकते का जी?”

माझा पारा चढलाच. “नकाशा चुकत नाही, भागीरथा. वाचणारा चुकतो.”

“मंग मले एकच फरशी दोनदा काहून पुसा लागून राहिली?”

मला काही कळेना. तिनं समजावून सांगितलं. ओली फरशी पुसून ती बाजूला होते. गाडी येते, माणसं उतरतात, नकाशा पाहतात आणि उगवतीच्या दाराकडे जातात. पावलं उमटतात. थोड्या वेळानं त्याच चपलांची पावलं परत येतात आणि मावळतीच्या दाराकडे जातात. गेलेली पावलं आणि परतलेली पावलं, दोन्ही तिलाच पुसावी लागतात. नकाशा न पाहता तिला विचारून गेलेला माणूस मात्र परत येत नाही.

“सहा हप्ते झाले पाहून राहिली,” ती म्हणाली. “सुपरवायझर म्हनते, तोंड बंद ठेव.”

“मग ठेव,” मी म्हटलं. “दामिनीची दहावी आहे. नत्थुजीच्या एकट्याच्या पगारात भागणार आहे का? आपल्याला काय करायचं आहे लोकांच्या पायांशी?”

ती म्हणाली, “सर, काल एक म्हातारी होती. जिना उतरली, मंग चढली, मंग दुसरा उतरली. दम लागला तं पायरीवरच बसली. मले नाही पाहवत जी. तुमी या एकदा. तुमी पाहून सांगा का मी चुकून राहिली, मी गप बसते.”

डोळ्यांच्या तपासणीसाठी मला नागपूरला जायचंच होतं, तेही त्याच हॉस्पिटलात. मी गेलो. खरं सांगायचं तर मी तिला खोटं ठरवायला गेलो होतो. मनात दोन वाक्यंही तयार होती, प्रेमळ पण ठाम.

सकाळी दहाच्या सुमारास गाडीतून उतरून दालनात आलो. भागीरथा निळ्या कोटात उभी, गळ्यात ओळखपत्र. पाया पडायला वाकली. मी म्हटलं, “थांब. मला काही सांगू नकोस. मी नकाशा वाचून जातो आणि तपासणी करून येतो. मग बोलू.”

नकाशासमोर उभा राहिलो. काय सुंदर नकाशा होता! प्रमाण बरोबर, रंग बरोबर, वर उत्तर दाखवणारा बाण. मला भरून आलं. लाल ठिपका पाहिला, हॉस्पिटल पाहिलं, ठिपक्याच्या डाव्या बाजूला. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस छाती काढून डावीकडे वळला, दारातून बाहेर पडला, जिना उतरला आणि रस्त्यावर आला.

हॉस्पिटल रस्त्याच्या पलीकडे होतं. मधे लोखंडी कठडा, ट्रकांची रांग, ओलांडायला कुठं फट नाही. हाकेच्या अंतरावर दवाखाना आणि मी चुकीच्या काठावर उभा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मुकाट्यानं एक एक पायरी चढून परत वर आलो.

भागीरथा माझ्याकडे पाहत नव्हती. फरशीकडे पाहत होती.

“सर,” ती म्हणाली, “ह्या तुमच्या चपला. ह्या गेल्या. ह्या आल्या.”

माझं तोंड उतरलं. आणि नेमकी त्याच वेळी मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी सोयीनं विसरून गेलो होतो. चौथीचा वर्ग. दिशांचा धडा. मी सगळ्या पोरांना मैदानात नेलं, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं केलं, हात पसरायला लावले. समोर पूर्व, पाठीला पश्चिम, डाव्या हाताला उत्तर. दुसऱ्या दिवशी शाळेचा नकाशा काढून आणायला सांगितला. भागीरथानं नकाशाच्या वरच्या बाजूला सूर्य काढून आणला. पूर्व वर. मी शून्य दिलं आणि म्हटलं, नकाशात उत्तर नेहमी वर असते. ती म्हणाली, “काहून?” काल तर मीच पूर्वेला समोर ठेवून उभं केलं होतं, मग कागदावर ती बाजूला का गेली, एवढंच तिला हवं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मास्तर काय करतो? मी तिला वर्गाबाहेर उभं केलं.

मी तिला हे तिथंच, त्या चकचकीत दालनात, जसंच्या तसं सांगितलं. चुकलो म्हणालो.

“मले आठवते,” ती म्हणाली. “ते जाऊ द्या. आता सांगा, मी चुकून राहिली का?”

मी पुन्हा नकाशाकडे गेलो, या वेळी उन्हाकडे पाहत. मग लख्ख दिसलं. उत्तरेच्या भिंतीवरचा नकाशा ठीक होता. त्याच्यासमोर उभं राहिलं की तोंड उत्तरेला, नकाशातली उत्तरही वर, डावं ते डावंच. पण बसवणाऱ्यांनी तेच चित्र दक्षिणेच्या भिंतीवरही लावलं होतं. तिथं उभं राहिलं की तोंड दक्षिणेला, आणि नकाशाची डावी बाजू खऱ्या जगात उजवीकडे. फलाटावरून येणारा जिना नेमका त्याच भिंतीपुढे उतरत होता, म्हणून बहुतेक लोक तोच नकाशा पाहत. नकाशा काढणाऱ्यानं तो कुठल्या तरी खोलीत टेबलावर ठेवून काढला. पाहणारा कुठं तोंड करून उभा राहील, हे त्यानं विचारलंच नाही. मी तरी कुठं विचारलं होतं?

“तू बरोबर आहेस,” मी म्हटलं. “पण आज गप्प राहा. मी वर अर्ज लिहितो. रीतसर. महिनाभरात काहीतरी होईल.”

“महिनाभर हे असेच चढन-उतरन करतीन?”

मी उत्तर देणार तेवढ्यात गाडी आली. माणसं उतरली. त्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आणि त्याची बायको होती. म्हातारीला धाप लागलेली, एक हात भिंतीला. म्हातारा नकाशापुढे गेला, बोटानं हॉस्पिटल शोधलं आणि बायकोला म्हणाला, “चल खातूनबी, इस तरफ है.” डावीकडे. उगवतीच्या दाराकडे.

दहा पावलांवर सुपरवायझर उभा होता, हातात तक्रारवही घेऊन. तो भागीरथाकडेच पाहत होता. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. होय, मी खुणावलं. माझ्या भित्रेपणाची नोंदही इथं राहू द्यावी.

भागीरथानं फडक्याचा दांडा त्या दोघांच्या वाटेत आडवा धरला.

“भाऊ, तिकून नका जाऊ. मावळतीच्या दारानं जा.”

म्हातारा थबकला. “नकाशे में तो इधर बताया, बाई.”

“नकाशा काय म्हनते ते म्हनू द्या. कुठले तुमी?”

“पातूरचा. ताहेर नाव माझं.”

“मंग ताहेरभाऊ, तुमी नमाजले तोंड कुठं करता?”

म्हाताऱ्यानं खिडकीतून आलेलं ऊन पाहिलं. सकाळचं ऊन कोणत्या अंगानं येतं ते पाहिलं. मग ज्या दाराकडे भागीरथाचा दांडा होता तिकडे वळला. “मगरिब, तुमची मावळत, तं इकडे हाय,” तो हळूच म्हणाला. “आन् हा काचवाला मले मशरिकले धाडून राहिला होता.” बायकोचा हात धरून तो मावळतीच्या दारानं उतरला. मी खिडकीशी जाऊन पाहिलं. पन्नास पावलांत दोघं हॉस्पिटलच्या फाटकातून आत गेले.

सुपरवायझर आला. वही उघडून त्यानं तिसरी तक्रार स्वतःच लिहिली. मग हात पुढे केला. “कार्ड काढ.”

भागीरथानं गळ्यातली पट्टी काढली, ओळखपत्र त्याच्या वहीवर ठेवलं. म्हणाली, “हे ठेवलं. पन मॅडम येईस्तोवर मी इथून हलनार नाही.”

मॅडम म्हणजे स्टेशन सांभाळणारी उज्मा. अकोल्याची, तिशीच्या आतली, डोक्यावर नीट बांधलेला रुमाल. ती आली. सुपरवायझरनं तीनही तक्रारी वाचून दाखवल्या. मी लगेच पुढे सरसावलो आणि नकाशाशास्त्रावर भाषण सुरू केलं. दिशाकोन, प्रमाण, संदर्भरेषा. उज्मा सभ्यपणे ऐकत होती, पण तिचे डोळे घड्याळाकडे जायला लागले होते.

“सर, तुमी थांबा जरा,” भागीरथा म्हणाली.

वर्गात मला असं कोणी म्हणालं असतं तर! मी थांबलो.

तिनं बादली उचलली. नकाशापासून दोन्ही दारांपर्यंत फरशी ओल्या फडक्यानं पुसून काढली, सावकाश, एकही पट्टा न सोडता. मधे ‘फरशी ओली आहे’ची पिवळी पाटी ठेवली. मग आम्हा सगळ्यांना खांबाच्या आड उभं केलं. “आता कोनी काई सांगू नका. गाडी येऊ द्या.”

गाडी आली. माणसं उतरली, नकाशापुढे थांबली आणि निघाली. ओल्या फरशीवर पावलं उमटत गेली, उगवतीच्या दाराकडे दाट, मावळतीच्या दाराकडे विरळ. थोड्या वेळानं जिन्यावर धापा ऐकू यायला लागल्या. एक बाई लेकरू कडेवर घेऊन परत आली. दोन पोरं परत आली, एकमेकांवर चिडलेली. काठीवाला एक माणूस परत आला, त्याच्या काठीचे गोल ठिपके जाताना आणि येताना असे शेजारी-शेजारी उमटले. सुपरवायझरनं त्यांच्याकडे पाहणं सोडून दिलं.

उज्मा नकाशापुढे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरले, शाळेत पसरतात तसे. नकाशाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग काचेच्या मागं हात घालून तिनं तो नकाशा बंदच करून टाकला आणि फोन लावला.

पलीकडचा नकाशा कंपनीचा माणूस काहीतरी नियम सांगत होता. उत्तर वरच असावी लागते वगैरे. माझाच नियम. उज्मा म्हणाली, “इथं माणूस दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या चित्रात दक्षिण वर हवी. आज हवी. तोपर्यंत काच काळी राहील आणि वाट आमच्या भागीरथाताई सांगतील.”

मी डोळे तपासून घेतले, मावळतीच्या दारानं. चारच्या सुमारास परत आलो तेव्हा काच उजळली होती आणि हॉस्पिटल उजव्या हाताला गेलं होतं. भागीरथा नुकतीच फरशी पुसून उभी होती. गाडी येऊन गेली. पावलं मावळतीच्या दाराकडे गेली आणि परतीचं एकही पाऊल उमटलं नाही. तिनं फडकं पिळलं आणि मला म्हणाली, “आज आंग दुखनार नाही, सर.”

मला वाटलं, झालं. मिटलं. उज्मालाही तसंच वाटलं असावं. तिनं आम्हाला केबिनमधे बोलावलं, ओळखपत्र पुढे ठेवलं, तक्रारवही उघडली आणि म्हणाली, “भागीरथाताई, हे पान मी काढून टाकते. तुमच्या नावावर काही राहणार नाही.”

सुपरवायझरची मान जोरात हलली. त्यालाही ते पान नकोच होतं.

“नाही,” भागीरथा म्हणाली. “पान फाडू नका.”

“अहो, पण तुमच्याविरुद्ध आहे ते.”

“हाय ना. मी लोकाईले चुकीची वाट दाखवते, असं तीनदा लिवलं हाय. पान फाडलं तं ते खोटं जाईन, पन मी खरी होती हे कुठं राहीन? राहू द्या ते. खाली लिवा.”

उज्मानं पेन सुपरवायझरकडे सरकवलं. त्यानं खाली वाकून लिहिलं आणि वही फिरवली. भागीरथानं अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, “वाट बरोबर होती.” मग वर पाहिलं. “कोनाची?”

त्यानं पुन्हा लिहिलं. सफाई कामगाराने सांगितलेली वाट बरोबर होती.

“सफाईवाल्या आमी सहा जनी हाओ. नाव लिवा.”

त्यानं लिहिलं, भागीरथा.

“पुरं नाव.”

भागीरथा नत्थुजी गावंडे यांनी सांगितलेली वाट बरोबर होती. तीन तक्रारी होत्या, म्हणून तीनदा लिहायला लावलं. ‘यांनी’ मात्र तिनं सांगितलं नव्हतं, ते त्यानं आपणहून लिहिलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. उज्मानं तीनही ठिकाणी सही केली. भागीरथानं सगळं परत एकदा वाचलं, ओळखपत्र उचलून स्वतःच्या हातानं गळ्यात घातलं, आणि वही माझ्यापुढे सरकवली.

“सर, तुमी बी लिवा. तुमी गेले होते ना.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती. माझ्या इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी कोणाच्या वहीत काय लिहायचं हे मीच ठरवलं होतं. चष्मा पुसला, पेन घेतलं आणि माझ्या उत्तम वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मी, पंजाबराव कडू, सेवानिवृत्त भूगोल शिक्षक, आज नकाशा पाहून चुकीच्या दाराने गेलो होतो.’ खाली तारीख घातली आणि सही केली.

भागीरथानं तेही बोट ठेवून वाचलं.

“बराबर हाय,” ती म्हणाली.